कोंडलेली हवा

गेल्या हिवाळ्यात राहुरीच्या अलीकडे, नगर–मनमाड रस्त्यालगतच्या एका पंक्चरच्या दुकानात मी स्कूटरच्या चाकात हवा भरून घेत होतो. शिर्डीला निघालेले एक जोडपे त्याच वेळी तिथे येऊन थांबले. मोटरसायकल परदेशी बनावटीची, लांबच्या प्रवासाची. दोन्ही बाजूंना पेट्या, मागच्या माणसाला टेकायला गादी. गाडीचा मागचा भाग इतका खाली आला होता की खड्डा आला की मडगार्ड चाकाला घासत होते. ‘मागचे चाक पंक्चर दिसते,’ गृहस्थ म्हणाले. दुकानातल्या काकांनी टायर अंगठ्याने दाबून पाहिला आणि वाकून आत नजर टाकली. ‘दादा, टायरात हवा भरपूर आहे. शॉकअप बसलाय तुमचा. ह्याच्यात हवा असती का?’ होती. पेटीमागे दडलेल्या एका छोट्या व्हॉल्व्हपासून दोन्ही शॉकअपांपर्यंत बारीक नळ्या गेल्या होत्या. काकांनी साबणाच्या पाण्यात दाढीचा जुना ब्रश बुडवला आणि नळीच्या जोडावर फिरवला. थोडा वेळ काहीच झाले नाही. मग जोडाच्या कडेला मोहरीएवढा बुडबुडा आला, फुगला, फुटला आणि त्याच जागी दुसरा आला.

त्या बुडबुड्याच्या मागे आपण निघालो तर फार लांब जावे लागते. हवा कोंडून तिच्यावर ओझे टाकायचे, ही कल्पना जितकी जुनी आहे तितकीच ती हवा निसटण्याची अडचणही जुनी आहे. किंबहुना हवेच्या शॉकअपचा इतिहास लिहायचा तर तो सील, रिंग आणि वायसर यांचाच इतिहास म्हणून लिहावा लागेल, असे माझे मत आहे. या कामाचे पहिले साधन कातडे होते. लोहाराचा भाता, भिस्त्याची पखाल, विहिरीवरची मोट ही सारी कातड्याची. मुळा धरण होण्यापूर्वी राहुरीच्या मळ्यांत ज्यांनी मोटा हाकल्या, त्यांना कातडे तेल पाजून मऊ ठेवावे लागते आणि वाळले की ते शिवणीतून गळते, हे कोणी शिकवावे लागले नाही. ज्या बैलगाडीतून तेव्हाची माणसे बाजाराला जात, तिच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव असे आणि आखावर स्प्रिंग म्हणून काही नसे. रस्त्याचा प्रत्येक दगड थेट पाठीच्या मणक्यापर्यंत पोचे.

विलायतेत 1804 मध्ये ओबाडाया एलियट याने घोडागाडीसाठी लंबगोल कमानपाट्यांचे पेटंट घेतले. आजच्या ट्रकखालचे कमानपाटे त्याच घराण्यातले. हवेचा विचार मात्र रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसाने केला. 1845 मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याने ‘हवाई चाका’चे पेटंट मिळवले. रबर चढवलेल्या कॅनव्हासच्या नळीत हवा आणि वरून आवरण कातड्याचे. म्हणजे आपली पखालच, फक्त वळसा देऊन चाकावर बसवलेली. या चाकांच्या एका जोडीने घोडागाडी सुमारे 1200 मैल धावली, तरी लोक थॉमसनला विसरले. 1888 मध्ये बेलफास्टचे पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी तेच पुन्हा शोधून पेटंट घेतले, आणि थॉमसनचे जुने कागद सापडल्यावर ते रद्द झाले. पेटंट गेले, नाव मात्र डनलॉप यांचेच राहिले. लगोलग 1890 च्या दशकात न्यूयॉर्कच्या श्राडर कुटुंबाने मधोमध पिन असलेला व्हॉल्व्ह आणला. मोटारीच्या टायरवर आणि हवेच्या शॉकअपवर आजही तोच असतो.

ही कोंडलेली हवा नगर जिल्ह्याच्या शिवारात रुजली ती मोटारींपेक्षाही उसाच्या गाड्यांमुळे. प्रवरेकाठी लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम 1950–51 चा. त्यानंतर जिल्ह्यात कारखाने वाढत गेले, राहुरीतही कारखाना झाला, आणि फडातून गव्हाणीपर्यंत ऊस ओढायला रबरी चाकांची बैलगाडी आली. लोक तिला टायरगाडी म्हणत, काही जण सरळ ‘डनलॉप’ म्हणत. लोखंडी धावेच्या गाडीला ज्या ओल्या वाटेत चाकोरी पडे, तिथून ती जास्त ओझे घेऊन निघे आणि बैलांच्या खांद्यावरचा ताण हलका होई. थॉमसनच्या कल्पनेने गरिबांसाठी केलेले सर्वांत मोठे काम मला इथेच दिसते.

चाकातली हवा चाकातून काढून स्प्रिंगच्या जागी घालायची, हे पुढचे पाऊल. त्यामागचे गणित रॉबर्ट बॉइल यांनी 1662 मध्येच मांडून ठेवले होते: हवेची जागा निम्मी केली की दाब दुप्पट होतो. पोलादी स्प्रिंग जितकी दाबाल तितकीच, एका मापाने, विरोध करते. हवा मात्र दबत जाईल तशी अधिकाधिक कडक होते. शिवाय तिचे वजन नसल्यातच जमा, आणि एक माणूस असो की दोन माणसे व सामान, हवा कमीजास्त केली की भागते. 1901 मध्ये अमेरिकेत विल्यम हंफ्रीज यांना वाहनांसाठी हवेच्या स्प्रिंगचे पेटंट मिळाले. मोटरसायकलीच्या वाटेवर मात्र मला अधिक जिव्हाळा वाटतो तो आर्चिबाल्ड शार्प यांच्याबद्दल. 1896 मध्ये सायकली आणि तीनचाक्यांवर जाडजूड शास्त्रीय ग्रंथ लिहिणारे हे ब्रिटिश अभियंते. त्यांच्या हवेच्या स्प्रिंगा पुढे आणि मागे लावलेल्या ‘ए.एस.एल.’ नावाच्या मोटरसायकली इंग्लंडमधल्या स्टॅफर्डला पहिल्या महायुद्धापूर्वी तयार होत होत्या. त्या काळी बहुतेक मोटरसायकलींना मागे सस्पेन्शनच नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे शार्प किती पुढे होते ते कळते. महायुद्ध आले आणि ए.एस.एल. संपली.

हवा पुन्हा आली ती आकाशातून. चेल्टनहॅमच्या जॉर्ज डाउटी यांनी 1931 मध्ये विमानाचे भाग बनवणारी कंपनी काढली. विमानाचे चाक धावपट्टीवर आपटते तेव्हा तो दणका हवा आणि तेल मिळून झेलत. 1939 च्या ‘व्हेलोसेट केटीटी’ या शर्यतीच्या मोटरसायकलीला मागे डाउटींचे असेच शॉकअप होते, आणि दुसरे महायुद्ध संपल्यावर व्हेलोसेट, पँथर, स्कॉट यांच्या काही गाड्यांना पुढे ‘ओलिओमॅटिक’ फोर्क लागले. त्यात पोलादी स्प्रिंग नव्हती. सगळा भार हवेवर. सील चांगले असेपर्यंत गाडी पाण्यावरून चालल्यासारखी चाले, आणि सील गेले की पुढचा भाग खाली बसे. त्याच काळात सीलच्या बाजूनेही मोठी गोष्ट घडली होती. डेन्मार्कहून अमेरिकेत गेलेले नील्स ख्रिस्टेन्सेन यांनी 1937 मध्ये, सत्तरी उलटल्यावर, गोल कापाच्या रबरी रिंगेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि 1939 मध्ये ते मिळाले. रिंग बसते ती खाच रिंगेपेक्षा किंचित रुंद हवी, म्हणजे दाब आला की रिंग एका कडेला सरकते आणि दाबानेच फट अधिक घट्ट बंद करते. दाब वाढला की गळती वाढायची, ती इथे उलट कमी झाली. तेल लागूनही न फुगणारे कृत्रिम रबर याच दशकात हाती आले आणि कातडी वायसराचे राज्य ओसरू लागले.

तरीही हवेने मोठमोठ्यांना दगा दिला. 1957 च्या ‘कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोहॅम’ या महागड्या मोटारीला चारही चाकांवर हवेचे सस्पेन्शन होते. गळतीला कंटाळून पुष्कळ मालकांनी ते काढून साध्या स्प्रिंगा बसवल्या. बसगाड्यांत मात्र हवा टिकली, कारण ब्रेकसाठी कॉम्प्रेसर गाडीवरच असतो आणि निसटलेली हवा पुन्हा भरत राहते. आपल्या एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी धावली ती नगर–पुणे मार्गावर, लाकडी बांधणीची आणि काथ्याच्या आसनांची. तिथपासून 2002 नंतरच्या, हवेच्या सस्पेन्शनवर चालणाऱ्या शिवनेरीपर्यंत यायला अर्धशतक लागले.

मोटरसायकलीला स्वतःचा कॉम्प्रेसर मिळाला तोही याच धर्तीवर. होंडाने 1980 मध्ये ‘गोल्डविंग जीएल 1100’ आणली, तेव्हा पुढच्या फोर्कात आणि मागच्या शॉकअपात हवा होती, पण आत पोलादी स्प्रिंगही ठेवली होती. हा शहाणपणा महत्त्वाचा, कारण आता हवा गेली तर गाडी बसेल, पण रस्त्यात कोसळणार नाही. 1982 च्या गोल्डविंग ‘ॲस्पेनकेड’ला कॉम्प्रेसर गाडीवरच आला. हार्लेच्या टूरिंग गाड्यांनी मागच्या शॉकअपात हवा कित्येक वर्षे ठेवली. ती हाताने भरायची.

आपल्याकडे ही हवा वेगळ्या रूपाने पसरली. पल्सर 2001 मध्ये आली आणि पुढे तिच्या शॉकअपला नायट्रोजनची छोटी डबी लागली. ही डबी भार पेलत नाही; तेलाला फेस येऊ नये म्हणून तिची योजना, हा भेद ध्यानात ठेवावा. शॉकअप घडवणारे कारखाने चाकणला आहेत, संभाजीनगरजवळ वाळूजला आहेत. नगरला, जिथे कायनेटिकची लूना जन्मली, त्याच शहरात 2018 नंतर त्याच समूहाने परदेशी मोटरसायकलींची जुळणी केली. त्यामुळे अशी गाडी आता या रस्त्यावर दिसली तर शेतातला माणूस मान वर करून पाहतोच असे नाही.

पंक्चरच्या दुकानात काकांनी नळीचा जोड सोडवला. आतली रबरी रिंग एका जागी चपटी होऊन तडकली होती. तसली रिंग त्यांच्याकडे नव्हती. शेजारच्या शेतीऔजारांच्या दुकानातून त्यांनी फवारणी पंपाच्या रिंगांची पुडी आणली, चारपाच लावून पाहिल्या, एक बसली. मग त्यांनी कॉम्प्रेसरची नळी उचलली. गृहस्थांनी हात आडवा धरला, आणि ते बरोबरच होते. शॉकअपात हवेची जागा पेलाभरही नसते. ट्रकच्या टायरसाठी शंभर पाउंडांवर ठेवलेला दाब तिथे क्षणात घुसला असता आणि सील फाटले असते. काकांनी कोपऱ्यातला सायकलचा जुना पंप काढला. त्याचा दांडा उपसून आतल्या वाटीसारख्या कातडी वायसरावर दोन थेंब तेल सोडले, बोटाने चोळले आणि दांडा परत बसवला. दहाबारा फटक्यांत गाडीचा मागचा भाग दोन बोटे वर आला. पुन्हा ब्रश फिरला. साबणाचे पाणी जोडावर गुळगुळीत राहिले आणि उन्हात वाळून गेले. बाई पाठीमागे बसल्या, गाडी थोडी दबली, सावरली आणि कोल्हारच्या दिशेने गेली.