इंदूर ते मुंबई-पुणे : अंतर किती, वेळ किती

आपल्या बहुतेक सभासदांचे कोणी ना कोणी पुण्या-मुंबईला आहे. मुलगी तिकडे दिलेली, मुलगा तिकडे नोकरीला. त्यामुळे विमानाला किती वेळ लागतो, हे आम्हाला वारंवार विचारले जाते.

सरळ रेषेत मोजले तर इंदूरहून मुंबई आणि पुणे जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत, सुमारे ५०० किलोमीटर. एवढ्या अंतरात विमानाचा बराच वेळ चढण्या-उतरण्यातच जातो. हवेत साधारण एक तास, आणि वेळापत्रकात सव्वा ते दीड तास, कारण त्यात धावपट्टीपर्यंत सरकण्याचाही वेळ धरलेला असतो. मुंबईवर गर्दी असली तर वरच घिरट्या घालाव्या लागतात, ते वेगळे.

पण आपल्याला विमानतळावर नव्हे, घरी पोचायचे असते. देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ गावाजवळ आहे ही आपली सोय. तरी दीड-दोन तास आधी पोचणे, उतरल्यावर सामानाची वाट पाहणे आणि पुढचा शहरातला प्रवास धरला, तर घर ते घर पाच तास सहज होतात. मुंबईला उतरून डोंबिवली गाठायला कधी कधी विमानापेक्षा जास्त वेळ लागतो!

रस्त्याने दोन्ही शहरे ६०० किलोमीटरच्या आसपास आहेत. खलघाटला नर्मदा, मग सेंधवा, बिजासन घाट, शिरपूर, धुळे, मालेगाव. तेथून मुंबईची वाट नाशिकवरून जाते, पुण्याची मनमाड आणि नगरवरून. मोटारीने अकरा-बारा तास धरावेत.

सर्वांत लांबचा रस्ता रेल्वेचा. अवंतिका एक्सप्रेस उज्जैन, रतलाम, बडोदा, सुरत असा वळसा घेऊन सुमारे ८३० किलोमीटर धावते. पुण्याची गाडीही गुजरातमार्गेच जाते. आमच्या पिढीने मीटर गेजने खंडव्याला जाऊन तिथे गाडी बदलली आहे. त्या लोहमार्गासाठी दुसरे तुकोजीराव होळकर यांनी १८७० साली इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिले होते, साडेचार टक्के व्याजाने आणि १०१ वर्षांच्या मुदतीने. बँकेत जन्म काढलेल्या माणसाला ही मुदत वाचून गंमत वाटते.

हा वळसा चुकवणाऱ्या ३०९ किलोमीटरच्या मनमाड-इंदूर मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली. खर्च १८,०३६ कोटी रुपये, पूर्ण करण्याचे उद्दिष्ट २०२८-२९. तोवर गुजरात पाहत जाणे आहेच.

तिकडून कोणाच्या आजारपणाचा फोन आला की घाईत सगळे आधी विमान शोधतात. अशा वेळी विमान किती तासांचे आहे हे न पाहता आपण दारात कधी पोचू ते पाहावे. संध्याकाळी फोन आला आणि पुढचे विमान दुसऱ्या दिवशी दुपारचे असेल, तर रात्रीची बस किंवा गाडी सकाळी पोचवते. शिवाय आयत्या वेळचे विमानभाडे किती चढते, हे सांगायला नको.

वयस्क मंडळींसाठी चाकाच्या खुर्चीची मागणी तिकीट काढतानाच नोंदवावी, त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. आणि लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीत ठेवू नये, तपासणीत ती काढून घेतात. शेव मात्र खुशाल न्यावी.