मनगटातली वाट

परवा मामांची अँजिओप्लास्टी ठरली. डॉक्टर म्हणाले, मनगटातून करू. मामी एकदम बावरली. "जांघेतून करतात ना? हातातून म्हणजे स्वस्तातलं काम तर नाही?" सहीच करेना. तिचं तरी काय चुकलं? वीस वर्षांपूर्वी माझ्या बाबांची जांघेतून झाली होती. रात्रभर पाय सरळ, वर वाळूची पिशवी, तरी मांडी काळीनिळी पडली आणि रक्त चढवावं लागलं. आमच्या घरात अँजिओप्लास्टी म्हणजे तेच चित्र.

मग बाहेरच्या बाकावर बसून मामीला सगळी गोष्ट सांगितली.

हृदयाची वाट मुळात हातातूनच सुरू झाली. १९२९ साली जर्मनीत वर्नर फोर्समन या तरुण डॉक्टरने स्वतःच्याच कोपराजवळच्या शिरेतून ६५ सेंटिमीटर नळी आत सरकवली आणि तसाच चालत एक्स-रेच्या खोलीत गेला. (वेडाच म्हणायचा, पण १९५६ मध्ये नोबेल मिळालं!) पुढे जांघेची वाट रुळली, कारण तिथली धमनी मोठी, चटकन सापडणारी. १६ सप्टेंबर १९७७ ला झुरिचमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिगने पहिली अँजिओप्लास्टी केली तीही जांघेतूनच.

पंचाईत झाली स्टेंट आल्यावर. रक्त पातळ करणारी औषधं भरपूर द्यावी लागत आणि जांघेतलं रक्त थांबता थांबत नसे. ते पोटाच्या मागे साचलं तर बाहेरून कळतही नाही. मनगटातली धमनी मात्र कातडीखालीच, मागे हाड. पट्टा आवळला की काम झालं. माँट्रियलच्या लुसियन कँपोने १९८९ मध्ये मनगटातून केलेल्या अँजिओग्राफीचा अनुभव मांडला, आणि १९९२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या फर्डिनांड किमनेईने तिथून अँजिओप्लास्टी सुरू केली.

"ते ठीक, पण जिवाला धोका?" मामी.

२०११ चा 'रायव्हल' अभ्यास: ३२ देश, ७,०२१ रुग्ण, हार्ट अटॅक किंवा तशाच त्रासाने आलेले. मृत्यू, पुन्हा अटॅक, पक्षाघात, मोठा रक्तस्राव सगळं एकत्र धरलं तर मनगट ३.७ टक्के, जांघ ४. म्हणजे फरक नाहीच. पण धमनीला मोठी इजा मनगटात १.४ टक्के, जांघेत ३.७. २०१५ च्या 'मॅट्रिक्स'मध्ये मृत्यूही मनगटात कमी दिसले, १.६ विरुद्ध २.२ टक्के. नंतरच्या प्रत्येक अभ्यासात तसं दिसलं नाही, म्हणून जीव वाचतोच असं मी छातीठोक सांगणार नाही. रक्तस्राव कमी होतो, हे मात्र नक्की.

धोका शून्य नाही. धमनी आवळते, कधी कायमची बंदही होते. बहुतेकांना करंगळीकडची दुसरी धमनी हात सांभाळते. डायलिसिस लागू शकेल अशा रुग्णाने मात्र आधी विचारावंच, कारण फिस्टुलासाठी तीच धमनी लागते. आणि डॉक्टरांचा हात मनगटावर बसलेला आहे का, हेही बिनधास्त विचारा.

मामीने विचारलं. मग सही केली. संध्याकाळी मामा उठून बसले होते, डाव्या हाताने चहा पीत, आणि उजव्या मनगटावरचा पट्टा कधी सोडणार म्हणून नर्सच्या मागे लागले होते.