वऱ्हाडातले खग्रास ग्रहण आणि हौशी निरीक्षकांची संस्था

१/
२२ जानेवारी १८९८. वऱ्हाडातील तळणी या लहानशा गावी इंग्लंडहून आलेली एक छोटी तुकडी उपकरणे मांडून सज्ज होती. सूर्य पूर्ण झाकला जाणार होता तो अवघी दोनेक मिनिटे. तुकडीत ॲनी मॉन्डर नावाची एक स्त्री होती. कोणत्याही वेधशाळेत तिला पद नव्हते. तरीही त्या दिवशीचे एक अत्यंत मोलाचे छायाचित्र तिच्याच कॅमेऱ्याने टिपले. हे घडू शकले, ते एका हौशी खगोल संस्थेमुळे.

२/
ॲनी रसेल हे तिचे माहेरचे नाव. जन्म १८६८, आयर्लंडमधला. १८८९ साली केंब्रिजच्या गर्टन कॉलेजातून तिने गणिताची परीक्षा उत्तीर्ण केली. पण स्त्री असल्यामुळे विद्यापीठाची पदवी मिळाली नाही. १८९१ मध्ये ती ग्रीनिच वेधशाळेत गणनिक म्हणून रुजू झाली. वेतन महिना ४ पौंड. काम सूर्याची छायाचित्रे घेण्याचे आणि सौर डाग मोजण्याचे.

३/
१८९२ मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभासदत्वासाठी तिचे नाव सुचवले गेले. पुरेशी मते पडली नाहीत. १८९५ साली वेधशाळेतील ज्येष्ठ सहकारी वॉल्टर मॉन्डर यांच्याशी तिचा विवाह झाला आणि विवाहित स्त्रियांना सरकारी नोकरीत मज्जाव असल्याने ती नोकरीही गेली. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी अधिकृत खगोलशास्त्राचे दोन्ही दरवाजे तिच्यासाठी बंद झाले होते.

४/
तिसरा दरवाजा मात्र उघडा होता. १८८१ साली लिव्हरपूलमध्ये हौशी निरीक्षकांनी आपली स्थानिक संस्था स्थापन केली होती. ती डबघाईला येऊ लागली, तेव्हा १८९० मध्ये विल्यम मंक यांनी ‘इंग्लिश मेकॅनिक’ या साप्ताहिकात पत्र लिहिले. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीची वर्गणी ज्यांना परवडत नाही, तिथले निबंध ज्यांना फार जड जातात, किंवा स्त्री म्हणून ज्यांना प्रवेशच नाही, अशांसाठी नवी संस्था असावी, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला लंडनमध्ये ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन स्थापन झाली. वॉल्टर मॉन्डर तिच्या प्रमुख उभारणीकारांपैकी एक होते.

५/
संस्थेची खरी ताकद तिच्या रचनेत होती. सूर्य, चंद्र, धूमकेतू, रूपविकारी तारे असे स्वतंत्र विभाग केलेले होते. सभासदाने आपल्या अंगणातून निरीक्षण करायचे, नोंद विभागप्रमुखाकडे पाठवायची आणि प्रमुखाने सर्वांच्या नोंदी जुळवून प्रसिद्ध करायच्या. एकट्याच्या वहीत पडून राहिली असती अशी नोंद इथे विज्ञानाची सामग्री बनत असे. सौर विभागाच्या पहिल्या प्रमुख होत्या एलिझाबेथ ब्राउन. वेधशाळेच्या पगारी सेवेत त्या कधीच नव्हत्या. आपल्या घरूनच सौर डागांची चित्रे काढणाऱ्या त्या हौशी निरीक्षक.

६/
ॲनीला याच संस्थेने काम दिले. १८९४ पासून ती संस्थेच्या नियतकालिकाची संपादक होती. १८९६ च्या ग्रहणासाठी संस्थेची मोहीम नॉर्वेतील वाडसो येथे गेली, तीतही ती होती. ऐन वेळी ढग आले आणि सारे श्रम वाया गेले. दीड वर्षाने भारताची संधी आली.

७/
१८९८ च्या ग्रहणाचा पट्टा कोकणातून देशावर आणि पुढे वऱ्हाडात शिरत होता. विजयदुर्गावर नॉर्मन लॉकियर यांचा तळ होता. जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेची तुकडी होती. हौशी संस्थेची मंडळी तळणीला उतरली.

८/
ॲनीजवळ गर्टन कॉलेजच्या अनुदानातून घेतलेला, अवघ्या दीड इंच भिंगाचा कॅमेरा होता. सूर्याच्या प्रभामंडलाचा बाहेरचा, अत्यंत मंद भाग टिपण्यासाठी तो मुद्दाम निवडलेला होता. काचेवर एक लांबच लांब किरण उमटला. तोवर छायाचित्रात आलेल्या प्रभामंडलाच्या किरणांत तो सर्वांत लांब ठरला.

९/
तळणीच्या तुकडीत जॉन एव्हरशेड हेही हौशी निरीक्षक होते. पोटासाठी नोकरी वेगळीच. त्या ग्रहणात त्यांनी सूर्याच्या वर्णपटाची महत्त्वाची छायाचित्रे मिळवली. १९०७ मध्ये ते कोडाईकनाल वेधशाळेत रुजू झाले आणि १९०९ साली सौर डागांतील वायूंचा बहिर्मुख प्रवाह त्यांनी शोधला. तो आज ‘एव्हरशेड परिणाम’ म्हणून ओळखला जातो. त्यांच्या पत्नी मेरी यांची पहिली भेट नॉर्वेच्या त्याच ढगाळ मोहिमेत झाली होती. त्याही संस्थेच्याच सभासद आणि स्वतः अभ्यासू निरीक्षक.

१०/
सौर चक्रात डाग विषुववृत्ताकडे कसे सरकत जातात, हे दाखवणारी फुलपाखराच्या आकाराची प्रसिद्ध आकृती मॉन्डर दांपत्याची. ती १९०४ साली मांडली गेली. १९०७ मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात ॲनीचा स्वतंत्र निबंध छापून आला. त्याच सोसायटीने तिला सभासद करून घेतले ते १९१६ साली. पहिल्या नकाराला तोवर चोवीस वर्षे लोटली होती.

११/
सगळे श्रेय संस्थेला देता येणार नाही. ॲनी उत्तम गणिती होती आणि घरातच ग्रीनिचचा खगोलविद होता. पण बुद्धी आणि जिद्द असूनही नोकरी गेल्यावर उपकरणांचा सहवास, मोहिमेतली जागा आणि काम छापले जाण्याची सोय या तीन गोष्टी एकटीने उभ्या करणे जवळपास अशक्य होते. त्या तिन्ही एका माफक वर्गणीत मिळाल्या.

१२/
महाराष्ट्रातही ही परंपरा रुजली. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ सालापासून हौशी निरीक्षकांना एकत्र आणत आली आहे. अशा संस्थेत दुर्बिणीतून शनीची कडी दिसतात, हा लाभ खराच. त्याहून मोठा लाभ म्हणजे, आपण पाहिलेले तपासून घेणारे आणि नोंदवून ठेवणारे कोणीतरी तिथे असते. तळणीच्या माळावरची ती दोन मिनिटे त्यामुळेच इतिहासात उरली.