शरदातील आकाश : शोध देवयानीचा

मान्सून परतला, की महाराष्ट्रातील आकाश निवळते आणि आकाशदर्शनाचा हंगाम सुरू होतो. कोजागरी चांदण्यासाठी खरी. तारे पाहण्यासाठी मात्र दिवाळीतील अमावास्येच्या आसपासच्या रात्री उत्तम.

रात्री दहाच्या सुमारास डोक्यावर चार ताऱ्यांचा मोठा चौकोन दिसतो. हा महाश्वाचा चौकोन. त्याची पश्चिम बाजू म्हणजे पूर्वा भाद्रपदा, तर पूर्व बाजू उत्तरा भाद्रपदा. ईशान्येच्या कोपऱ्यापासून देवयानीच्या ताऱ्यांची रांग सुरू होते. कोपऱ्याचा तारा सोडून दुसऱ्या ताऱ्यापासून उत्तरेकडील शर्मिष्ठेच्या दिशेने वळावे. दोन मंद ताऱ्यांनंतर धूसर ठिपका आढळतो. तीच देवयानी दीर्घिका.

दहाव्या शतकात पर्शियन खगोलज्ञ अल्-सूफी याने तिची नोंद केली. ती आपल्या आकाशगंगेबाहेर असल्याचे एडविन हबल यांच्या १९२३मधील निरीक्षणांतून उलगडले. तिचा आज दिसणारा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे. एवढा प्रवास करून आलेला हा प्रकाश शहरातील दिव्यांच्या झगमगाटात मात्र लोपतो. त्यामुळे शहराबाहेरील अंधारी जागा गाठावी, डोळ्यांना अंधाराची सवय होण्यासाठी किमान वीस मिनिटे द्यावीत आणि तोवर मोबाइल बंदच ठेवावा. दुर्बिणीची गरज नाही.