हिवाळी प्रवासासाठी लहान एसयूव्ही : ग्वाल्हेरच्या धुक्यात ‘ऑल-व्हील ड्राइव्ह’ किती उपयोगी?

उत्तर भारतातील हिवाळ्यात गाडी चालवायची म्हटली की डोळ्यांसमोर बर्फ येतो आणि त्यापाठोपाठ चारही चाकांना शक्ती पुरवणारी ‘ऑल-व्हील ड्राइव्ह’ एसयूव्ही. ग्वाल्हेरला मात्र बर्फ पडत नाही. शिंदे सरकारांच्या काळापासून मराठी कुटुंबे जिथे स्थायिक झाली आणि डिसेंबरातील तानसेन समारोहासाठी दूरदूरचे रसिक जिथे जमतात, त्या शहराच्या हिवाळ्यातील खरा धोका धुक्याचा आहे. तिथे नातलग असणाऱ्या किंवा गोव्याहून स्वतःच्या वाहनाने तिकडे जाणाऱ्या वाचकाने हा फरक ध्यानी घेतला नाही, तर जादा पैसे मोजूनही हवी ती सुरक्षितता मिळणार नाही.

धुके केव्हा आणि का?

डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीअखेरपर्यंत चंबळ-ग्वाल्हेर पट्ट्यात पहाटेचा पारा अनेकदा ५ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरतो. पश्चिमेकडून येणाऱ्या हवामानप्रणाली थोडा पाऊस देऊन पुढे सरकल्या की आकाश निरभ्र होते, वारा पडतो आणि रात्री जमीन झपाट्याने थंड होते. ओलिताखालील गहू-मोहरीच्या शेतांतील ओलावा हवेत असतोच. तो जमिनीलगत गोठून न जाता सूक्ष्म थेंबांच्या रूपाने तरंगत राहतो. सूर्योदयाच्या आगेमागे धुके सर्वांत दाट असते आणि ऊन चढल्यावर बहुधा विरते.

भारतीय हवामान खात्याच्या वर्गवारीनुसार दृश्यमानता २०० मीटरच्या खाली गेली की धुके ‘दाट’ आणि ५० मीटरच्या खाली गेली की ‘अतिदाट’ ठरते. आग्रा-धोलपूर-मुरैना-ग्वाल्हेर हा राष्ट्रीय महामार्ग ४४ चा टप्पा याच मैदानी पट्ट्यातून जातो. जड मालवाहू वाहने, मागे दिवा नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि कडेला बंद पडलेले ट्रक या रस्त्यावरील धोका वाढवतात.

चारही चाकांची शक्ती काय करते?

लहान एसयूव्हींतील ‘ऑल-व्हील ड्राइव्ह’ यंत्रणेत एरवी इंजिनाची शक्ती मुख्यतः पुढच्या चाकांकडे जाते. ती चाके घसरू लागल्याचे संवेदकांनी टिपले की एक विद्युतनियंत्रित क्लच मागच्या चाकांनाही शक्ती जोडून देतो. चिखल, वाळू, बर्फ किंवा ओला चढ यांवर गाडी जागची हलवण्यासाठी ही सोय मोलाची आहे.

थांबण्याशी मात्र तिचा संबंध नाही. ब्रेक प्रत्येक गाडीच्या चारही चाकांना असतातच. गाडी किती अंतरात थांबेल, हे टायरची पकड, ब्रेकची स्थिती आणि वेग यांवर ठरते. ढोबळ हिशेब असा : ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर कापते. अडथळा दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला तर ३३ मीटर तिथेच संपले. दवाने ओल्या रस्त्यावर पुढे थांबायला आणखी साधारण ६० मीटर लागतात. समोरचे ५० मीटरच दिसत असतील, तर धडक अटळ आहे, मग गाडी कोणतीही असो. हाच वेग ४० वर आणला की एकूण अंतर ३२ मीटरच्या आसपास येते.

बाजारातील पर्याय

भारतात या आकाराच्या गाड्यांत चारही चाकांच्या शक्तीचे पर्याय थोडेच आहेत. ते दोन प्रकारांत मोडतात.

पहिला प्रकार रस्त्यावरील वापराचा. मारुती सुझुकी ग्रँड विटारा आणि तिची जुळी बहीण टोयोटा अर्बन क्रूझर हायरायडर या दोन्ही २०२२ मध्ये आल्या. त्यांच्या निवडक आवृत्त्यांत ही यंत्रणा मिळते. ग्रँड विटारात ऑटो, स्पोर्ट, स्नो आणि लॉक असे चार पर्याय असून, बहुतेक वेळी ‘ऑटो’ पुरेसा ठरतो. पूर्वी रेनॉ डस्टरचीही अशी आवृत्ती होती. जुनी गाडी घेणाऱ्यांना ती आजही भेटू शकते.

दुसरा प्रकार खडतर वाटांचा. २०२० ची महिंद्रा थार आणि २०२३ ची मारुती जिम्नी या त्यातील ठळक गाड्या. दोन्हींची लांबी चार मीटरच्या आत आहे. त्यांची चारचाकी शक्ती चालकाने स्वतः जोडायची असते आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर ती जोडू नये, कारण वळणावर पुढची व मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात आणि यंत्रणेवर ताण येतो. म्हणजेच महामार्गावर या गाड्या मागच्या दोन चाकांच्या शक्तीवरच धावतात. ‘फोर बाय फोर’ घेतली म्हणून रोजच्या रस्त्यावर चार चाकांची पकड मिळाली, हा समज इथे गळून पडतो. थार खरेदी करताना आणखी एक खात्री करावी : तिची केवळ मागच्या चाकांवर चालणारी आवृत्तीही विकली जाते.

क्रेटा, सेल्टोस, ब्रेझा, नेक्सॉन या लोकप्रिय गाड्या आपल्याकडे पुढच्या चाकांच्या शक्तीवरच चालतात. ग्वाल्हेरच्या डांबरी रस्त्यांसाठी ते उणे मानण्याचे कारण नाही.

आधी काय पाहावे?

धुक्यासाठी गाडी निवडताना पुढील क्रम उपयोगी पडेल.

१. दिवे : धुक्याचे दिवे बंपरमध्ये खाली बसवलेले आणि प्रकाश रुंद व सपाट पसरवणारे असावेत. अप्पर लावल्यास थेंबांवर आपटलेला उजेड चालकाच्याच डोळ्यांत परततो. मागचा लाल धुके-दिवा असल्यास उत्तम. अनेक गाड्यांत दिवसा आपोआप लागणारे पुढचे दिवे चालू असताना मागचे दिवे बंदच असतात. विक्रेत्याकडे गाडी उभी करून हे तपासावे.

२. स्थैर्य : एबीएस २०१९ पासून नव्या गाड्यांना सक्तीचे आहे. त्यासोबत इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल आणि प्रवाशांच्या बाजूंनाही एअरबॅग असाव्यात. ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या ‘भारत एनकॅप’चे मानांकन पाहावे.

३. काचा : मागच्या काचेला डिफॉगर व वायपर हवा. पुढच्या काचेवर आतून साचणारी वाफ एसी आणि हीटर एकत्र चालवल्यास लवकर जाते, कारण एसी हवेतील ओलावा काढून घेतो.

४. चालक-साहाय्य : आपोआप ब्रेक लावणारी प्रणाली चांगली आहे, पण कॅमेऱ्यालाही धुक्यात कमी दिसते. तिच्या भरवशावर वेग वाढवू नये.

टायर, बॅटरी, डिझेल

ग्वाल्हेरला खास हिवाळी टायरांची गरज नाही. नक्षीची खोली मात्र भरपूर असावी. १.६ मिलिमीटर ही कायद्याची किमान मर्यादा आहे, सुरक्षिततेची नव्हे. तापमान ५-६ अंशांनी उतरले की टायरमधील दाब सुमारे एक पीएसआयने घटतो, म्हणून हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. थंडीत बॅटरीची क्षमता कमी होते. ती तीन-चार वर्षांची झाली असल्यास प्रवासाआधी तपासून घ्यावी. डिझेल गोठण्याची भीती इथे नाही. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये आणलेले हिवाळी डिझेल लडाखसारख्या प्रदेशासाठी आहे.

कोणासाठी काय?

ग्वाल्हेर शहर, आग्रा, झाशी, शिवपुरी एवढीच धाव असेल, तर दोन चाकांवर चालणारी, पण वरच्या सुरक्षा-सुविधांची आवृत्ती घ्यावी. दरवर्षी मनालीकडे जाणे होत असेल, तर ‘ऑल-व्हील ड्राइव्ह’ सार्थ ठरते. ताज्या बर्फवृष्टीनंतर सोलांग आणि अटल बोगद्याच्या दिशेने अनेकदा चारचाकी शक्तीची किंवा साखळ्या लावलेलीच वाहने सोडली जातात. शेतावरच्या चिखलवाटा हा रोजचा भाग असेल, तर जिम्नी किंवा थार. पावसाळ्यात चोर्ला किंवा आंबोली घाटात उतरणाऱ्या धुक्यालाही वरील दिव्यांचे आणि अंतराचे नियम जसेच्या तसे लागू पडतात.

गाडी कोणतीही असली, तरी अतिदाट धुक्यात पहाटे निघू नये. वाटेत सापडल्यास लोअर दिवे लावून वेग उतरवावा आणि चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नयेत, कारण मग वळण्याची खूण मागच्याला कळत नाही. थांबायचेच झाल्यास रस्त्याच्या कडेला नव्हे, तर ढाब्याच्या किंवा पेट्रोल पंपाच्या आवारात थांबावे आणि ऊन चढल्यावर पुढे निघावे.