परीक्षा कशासाठी जन्मली?

शिष्यवृत्ती परीक्षा जवळ आली की आपल्या आळीत घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो, "गटात न बसणारे पद कोणते?" आई भाकरी थापता थापता विचारते, मूल उत्तर देते. चुकले तर पाठीत धपाटाही बसतो.

मी स्वतः चौथीत स्कॉलरशिपला बसले होते. यादीत माझे नाव आले नाही. 'हिचे डोके बेताचेच,' असे घरी ठरले आणि सातवीनंतर माझी शाळा सुटली. तेव्हापासून मनात होते, की ही बुद्धीची परीक्षा काढली कोणी आणि कशासाठी? थोरली मुलगी डी.एड.ला गेली, तेव्हा तिच्या पुस्तकांतून मला उत्तर मिळाले. तेच भगिनींपुढे ठेवते.

ही गोष्ट फ्रान्स देशातली. तेथे १८८२ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. सर्व थरांतली मुले शाळेत आली, तेव्हा काहींना वर्गाबरोबर चालता येईना. अशा मुलांची नीट पारख व्हावी व त्यांना वेगळे शिकवावे, म्हणून सरकारने १९०४ साली समिती नेमली. तीत आल्फ्रेड बिने नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. आपल्या दोन मुलींचे घरीच निरीक्षण करून त्यांनी मुलांच्या मनाचा अभ्यास केला होता. १९०५ साली डॉ. सिमाँ यांच्यासह त्यांनी तीस प्रश्नांची चाचणी तयार केली. ऐकलेले तीन आकडे परत म्हण, माशी आणि फुलपाखरू यांत फरक सांग, असे साधे प्रश्न. आणि तेही एकेका मुलाला जवळ बसवून विचारायचे!

मला विशेष वाटले ते पुढचेच. बुद्धी एकदा मिळाली तेवढीच, ती वाढत नाही, हे मत बिने यांनी १९०९ साली स्पष्टपणे नाकारले. मागे पडणाऱ्या मुलांसाठी त्यांनी मनाचे व्यायाम सुचवले. गुरुजींनी खूण करताच पुतळ्यासारखे स्तब्ध राहायचे, क्षणभर दाखवलेल्या वस्तू आठवून सांगायच्या. आपली मुले अंगणात 'स्टॅच्यू' खेळतात, तसेच की हे! १९११ साली बिने वारले.

पुढे ही चाचणी अमेरिकेत गेली. १९१६ साली टर्मन यांनी ती सुधारून छापली. पण बुद्धी जन्मजातच असते, असे त्यांचे मत होते. पहिल्या महायुद्धात सुमारे सतरा लाख सैनिकांची गटागटाने परीक्षा झाली व नंतर तीच रीत शाळांत शिरली. जवळ बसवून विचारणे मागे पडले आणि मुलाच्या कपाळी आकडा चिकटला.

आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची चाचणी मराठी व कानडी मुलांसाठी बसवली. त्यांचे इंग्रजी पुस्तक १९४० साली निघाले. शिष्यवृत्ती परीक्षा १९५४-५५ पासून चौथी व सातवीला होऊ लागली. २०१६-१७ पासून ती पाचवी व आठवीला घेण्यात येऊ लागली. भाषा आणि गणिताबरोबर तीत बुद्धिमत्ता चाचणीही असते. हुशार मुलाला शिकायला चार पैसे मिळावेत, हा तिचा हेतू चांगलाच आहे. परंतु यादीत नाव नाही म्हणजे डोके नाही, असा तिचा अर्थ मुळीच नव्हे.

तेव्हा भगिनींनो, मुलांची तयारी जरूर घ्या. जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवून घ्या. मात्र चुकलेले उत्तर लगेच खोडू नका, "तुला असे का वाटले?" एवढे विचारा. मूल कोठे अडते, ते तेथेच कळते. रोज अर्धा तासच बसवा आणि मग खेळायला सोडा. परीक्षेच्या आदल्या रात्री तर वेळेवर निजवा.

माझ्या आईला यातले काही ठाऊक नव्हते. मी तिला बोल लावत नाही. पण आता आपल्याला ठाऊक झाले आहे. यंदा यादी लागेल, तेव्हा जिचे नाव नसेल त्या मुलीलाही जवळ घ्या. मूळ परीक्षा तिच्याचसाठी जन्मली होती.