आंदर मावळचे पाणी आणि बेंजोची भणभण

कान्हे फाट्यावरून टाकवे बुद्रुक ओलांडून आंदर मावळात आत शिरले की ठोकरवाडीचा जलाशय लागतो. आंद्रा नदी मुळात इंद्रायणीला मिळणारी, म्हणजे पूर्ववाहिनी. टाटांच्या आंध्रा व्हॅली पॉवर सप्लाय कंपनीने तिचे पाणी अडवून उलट पश्चिमेला, घाटाखालच्या भिवपुरी वीजगृहावर सोडले. १९२२ साली तेथील वीज मुंबईकडे निघाली. त्यासाठी मावळाने काय गमावले, हा स्वतंत्र आणि मोठा विषय आहे. येथे पाहायचे ते एवढेच, की भिवपुरीत जे घडते तेच गणपतीच्या मिरवणुकीतल्या बेंजोतही घडते.

तारेच्या वेटोळ्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्र बदलले की तारेत वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवले. भिवपुरीत हा बदल कोसळणारे पाणी घडवते. बेंजोत तो पोलादी तारेच्या कंपनाने घडतो.

'बेंजो' हे नाव मात्र फसवे. अमेरिकी बँजोशी या वाद्याचे नाते नाही. १९१२ साली जपानमधील नागोया येथे गोरो मोरिता याने टंकलेखन यंत्रासारख्या कळा लावून ताईशोगोतो हे वाद्य घडवले. हिंदुस्थानात त्याचे बुलबुल तरंग झाले. नाव गोड आणि आवाजही नाजूक. ढोल-ताशापुढे तो कसा टिकणार? पण त्याच्या तारा पोलादी होत्या, आणि तेच निर्णायक ठरले.

गिटारचीही तक्रार हीच होती. वाद्यवृंदाच्या गोंगाटात ती ऐकूच येईना. १९३१ साली लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज बीचम याने तारांभोवती नालाकृती चुंबक आणि खाली तांब्याचे वेटोळे बसवून तोडगा काढला. पेटंट १९३७ साली मिळाले. हाच तो पिकअप.

वेटोळे गुंडाळणे हे चिकाटीचे काम. केसाएवढ्या बारीक, इनॅमलचा लेप दिलेल्या तारेचे सात-आठ हजार वेढे. ताण जास्त झाला की तार तुटते, कमी पडला की वेढे सैल राहतात. मल्टिमीटरवर साधारण पाच ते आठ हजार ओहम दिसले तर काम जमले. काटा हललाच नाही तर तार तुटलेली, बहुधा डाग दिलेल्या टोकापाशी. आकडा फारच कमी आला तर लेप खरवडून वेढे एकमेकांना टेकलेले. आवाज वाढवताच शिटी वाजू लागली, तर सैल वेढे थरथरत आहेत असे समजावे. वितळलेल्या मेणात बुडवून ते जखडतात.

भणभण ही मात्र निराळी व्याधी, तिच्यावर मेण चालत नाही. वेटोळ्याला तारेचे कंपन आणि शेजारच्या विजेचे क्षेत्र यांतला भेद कळत नाही. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. तीच स्पीकरमधून घुमू लागते. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरने १९५५ साली उलट ध्रुवांची, उलट जोडलेली दोन वेटोळी शेजारी ठेवली. तारेचा संदेश दोन्हींत जुळून दुणावतो, बाहेरची भणभण परस्परांना छेदते.

एकेरी वेटोळ्याच्या बेंजोला ही सोय नाही. मिरवणुकीत रोषणाईच्या तारा हाताच्या अंतरावर, आणि मागच्या गाडीवर जनरेटर, म्हणजे भिवपुरीच्या यंत्राचाच धाकटा भाऊ. अशा वेळी वाद्य थोडे तिरपे फिरवून पाहतात. वेटोळ्याची दिशा बदलली की भणभण पुष्कळदा उतरते.